तुमचा रकाना मी काढला, ताई

वसुधाताई,

सोमवारी ऑफिसच्या कंप्युटरवरचं तुमचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी आधी माझंच बंद केलं. हसू नका. आपल्या ऑफिसात जोशी दोनच. यादीत मी वर, तुम्ही खाली. मी ‘जोशी’ टाइप केलं, समोर आलेलं पहिलं नाव निवडलं आणि बटण दाबलं. पुढच्या मिनिटाला मी बाहेर. मग श्रीवास्तव सरांसमोर उभं राहून सांगावं लागलं, "सर, मैं निकल गया हूँ." त्यांना वाटलं राजीनामा देतोय. चष्मा काढून हळू आवाजात म्हणाले, "ऐसे समय में ऐसे फ़ैसले नहीं लेते, जोशी जी. आख़िर बुआ थीं आपकी."

तुम्ही माझी बुआ, म्हणजे आत्या, नव्हतात, हे सहा वर्षं सांगून मी थकलो होतो. आता नाकारायला तोंडच उरलं नाही. लोक येतात, खांद्यावर हात ठेवतात, "बुआ जी बहुत नेक थीं" म्हणतात, आणि मी "जी" म्हणतो. वर्कशॉपमधून कुणीतरी माझ्या टेबलावर केळी ठेवून गेलं. हे काय आहे, मी काय करायचं, काही कळेना. दोन खाल्ली.

परवा निशातगंजला तुमच्या घरी गेलो होतो. इराने चहा केला. तुमची मुलगी माझं मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, हे तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, "काही लागलं तर सांग." ती म्हणाली, "भैया, एक बात बताइए. मम्मी वहाँ करती क्या थीं, एक्ज़ैक्टली?" मी तोंड उघडलं आणि मलाच नीट सांगता येईना. ऑफिसच्या सामायिक कागदांच्या प्लॅटफॉर्मवर मी कोड लिहितो, ताई त्याची निगा राखायच्या, असलं काहीतरी बरळलो. ती म्हणाली, "मतलब फ़ाइलिंग?" मी "हो" म्हणालो. तेव्हापासून ते "हो" मला टोचतंय. म्हणून हे सविस्तर लिहितो. तुमच्या आधी तिला वाचून दाखवणार आहे, तर तुम्हाला माहीत असलेलंही त्यात येईल. चालवून घ्या.

इरा, अमौसीला विमानतळावर ज्या गाड्या चालतात, त्या आम्ही तपासतो आणि दुरुस्त करतो. विमानाला लावायच्या शिड्या, सामानाचे डबे ओढणारे ट्रॅक्टर, सामान वर चढवणारे पट्टे. प्रत्येक तपासणीचा एक कागद कंप्युटरवरच्या या प्लॅटफॉर्मवर भरला जातो. प्रत्येक कागदाला एक प्रकार असतो, आणि तो भरताना कोणते रकाने समोर येणार ते प्रकार ठरवतो. आमचा मुख्य प्रकार ‘तपासणी पत्रक’. त्याच्या खाली तीन पोटप्रकार: शिडी, ट्रॅक्टर, पट्टा. मुख्य प्रकारात कोडमधून बदल केला की शेवटी एक शब्द लिहावा लागतो, ट्रू किंवा फॉल्स. ट्रू म्हणजे हा बदल पोटप्रकारांवरही लागू कर. फॉल्स म्हणजे त्यांना हात लावू नको. तुझी आई आणि मी एवढ्या एका शब्दावरून भांडलो. आणि नंतर भांडलो नाही, ते जास्त वाईट झालं.

ताई, आता तुमच्याशी.

मी नाशिकहून आलो तेव्हा माझ्याकडे एक चादर होती आणि लखनौच्या हिवाळ्याबद्दल काहीही माहिती नव्हती. तुम्ही मला सरोजिनी नगरात खोली बघून दिलीत आणि म्हणालात, "रजाई भरवून घे, नाहीतर मरशील." मी दुकानात जाऊन मोठ्या ऐटीत सात किलो रुई भरायला सांगितली, कारण तीन-चार किलोत भागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती रजाई अंगावर घेतली की कूस बदलता यायची नाही. सकाळी मी ऑफिसात पाठ धरून यायचो आणि तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "हा बघा, रजाईखाली दबून आलाय." माझ्या ‘मेरे को’वर तुम्ही हसायचात, "मुझे म्हण रे, मुझे. तमीज़ नावाची काही चीज़ असते." तुमच्या ‘चक्कर येऊन राहिली’वर मी हसायचो. तीन पिढ्या लखनौत काढलेलं तुमचं मराठी आणि माझं नाशिकचं, दोन्ही जेवणाच्या डब्यांसारखी एकत्र उघडायची आणि कुणाचं काय कुणाच्या पोटात गेलं कळायचं नाही.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सरांचा हुकूम आला, सगळी पत्रकं एकसारखी हवीत. मी कोड लिहिला. मुख्य प्रकारात जे नाही ते पोटप्रकारांतून काढ, जे आहे ते घाल, शेवटी ट्रू. शिडी झाली. ट्रॅक्टरपाशी कोड अडकला: ‘हा प्रकार फक्त वाचण्यासाठी आहे’. कुणीतरी त्याला कुलूप लावलं होतं. मी काय समजलो असेन? की कुणा अडाण्याच्या हातून चुकून लागलं. मग मी दोन ओळी वाढवल्या. कुलूप काढ, काम कर, कुलूप परत लाव. त्यांच्या वर टीप लिहिली, ‘इथून जादू सुरू’. कोड सरळ पार झाला. मी इतका खूश की तो सगळा एक्केचाळीस ओळींचा कोड अख्ख्या ऑफिसला मेल केला, जणू पत्रिका वाटतोय, आणि दुसऱ्या दिवशी येताना सगळ्यांसाठी खस्ते, गरम कचोऱ्या, घेऊन आलो.

तुम्ही खस्ता खाल्लात. बोटं पुसलीत. जागेवर जाऊन एक पत्रक उघडलंत आणि परत आलात.

"निनाद, माझा रकाना कुठे आहे?"

"कुठला?"

"‘कोणाला सांगितलं?’ हा. ट्रॅक्टरवाल्यात होता."

"तो जादा होता, ताई. मुख्य प्रकारात नव्हता."

"म्हणूनच तर ताला लावला होता."

"तो तुम्ही लावलात?"

"नाही, माझ्या बुआने लावला." तुम्ही खुर्ची ओढलीत. "एकदा विचारायचं तरी होतंस."

इथे मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी व्याख्यान दिलं. म्हणालो, ‘कोणाला सांगितलं’ ही माहिती नव्हे, हे बोलणं झालं, बोलण्याला रकाना कशाला? तुम्ही मला पुन्हा सगळं सांगितलंत, जे मला आधीपासून माहीत होतं. एका ट्रॅक्टरचा ब्रेक सैल आहे असं पत्रकात रीतसर भरलं होतं, तिघांच्या सह्या होत्या, आणि तो ट्रॅक्टर रामलखन चालवत होता. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तो रिकाम्या डब्यांच्या रांगेत घुसला आणि महिनाभर घोटा बांधून घरी बसला. त्यानंतर तुम्ही हा रकाना हाताने जोडलात. रोज दुपारी तीनला गाड्यांच्या यार्डात फोन करायचा, ज्याच्या हाती ती गाडी त्याला तोंडी सांगायचं, आणि त्याचं नाव रकान्यात लिहायचं.

मी म्हणालो, "पण ताई, सिस्टम एकसारखी हवी."

तुम्ही म्हणालात, "ठीक है. मग साहेबांना कळव, रामलखनला आता सिस्टम जाऊन सांगेल."

आणि उठलात.

रकाना परत आणायला दहा मिनिटं लागली असती. तो कोडही मी त्याच दुपारी लिहून ठेवला. फक्त तुम्ही मागायची वाट पाहत होतो. तुम्ही मागितलात की मी जरा आढेवेढे घेणार, मग मोठ्या मनाने देणार, असं सगळं ठरलं होतं. तुम्ही मागितलाच नाहीत. माझ्यासाठी डबा आणलात, माझ्या आईशी फोनवर बोललात, दिवाळीच्या अनारशांवरून मला शिव्या दिल्यात. पण रकान्याचं नाव काढलं नाहीत. दोन वर्षं. मला वाटलं, विसरलात. खरं सांगू? वाटलं नव्हतं. तसं वाटून घेतलं होतं.

उलट तुम्ही भलतंच काही विचारायला लागलात. "अरे सुन, हा कंस इथे उघडलाय तो बंद कुठे होतो?" मी म्हणायचो, "इराचा अभ्यास वाटतं?" तुम्ही म्हणायचात, "असंच समज." एकदा विचारलंत, एकेक कागद घेऊन त्याच्यावर काहीतरी करायचं असेल तर काय लिहितात? मी अख्खी दुपार फेरी कशी फिरते ते शिकवलं आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, आमच्या ताई आता हॅकर होणार. तुम्हीही हसलात. त्या हसण्याकडे आता मागे वळून बघतो तर काही समजत नाही. कशाला हसत होतात?

कारण या गुरुवारी, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले तेव्हा, सरांनी मला बोलावलं. कागद नव्या जागी हलवायचे आहेत. "जो कॉलम अप्रूव्ड नहीं है, जड़ से उड़ा दो. शनिवार तक." प्रकारातून काढलेला रकाना सगळ्या पत्रकांच्या मूळ यादीच्या पोटात तसाच पडून राहतो, नुसता दिसत नाही. आता तो आतल्या मजकुरासकट जाणार होता, परत न येण्यासाठी. मी उडवायच्या रकान्यांची यादी काढली. त्यात ‘कोणाला सांगितलं?’ होता. म्हटलं, पुसण्याआधी एकदा बघू. दोन वर्षांपूर्वीचा जुना मजकूर असेल.

तो भरलेला होता, ताई. तुमच्या शेवटच्या सोमवारपर्यंत.

मला आधी वाटलं माझीच काहीतरी चूक, मी भलतीच यादी उघडली. बंद करून पुन्हा उघडली. तेच. जो रकाना कुठल्याच पत्रकावर दिसत नाही, तो हाताने भरता येत नाही. कोडनेच भरावा लागतो. आणि कोड मी लिहितो. मग मी लिहिला आणि विसरलो? माझ्याबाबतीत तेही अशक्य नाही, म्हणून ती शंकाही मी प्रामाणिकपणे तपासली. शेवटी तुमच्या फोल्डरमध्ये गेलो. तिथे एक फाइल होती, ‘निनादवाला कोड’. उघडली तर माझ्याच एक्केचाळीस ओळी. मी मिरवायला पाठवलेल्या. त्यांतल्या निम्म्या कापून तुम्ही खाली स्वतःच्या लिहिल्या होत्यात, वाकड्यातिकड्या, कंस तीन तीन ठिकाणी मोजून बंद केलेले. रोजची पत्रकं घ्या, फोनवर जे बोलणं झालं ते एकेकात भरा. माझी टीप ‘इथून जादू सुरू’ तशीच ठेवली होती. तिच्याखाली तुमची: ‘जादू वगैरे काही नाही. आधी विचारून घे.’ आणि जिथे मी कुलूप तोडलं होतं, तिथे तुम्ही लिहिलं होतं की ज्या पत्रकाला कुणी कुलूप लावलं असेल त्याला सोडून पुढे जा, आणि त्याचं नाव एका यादीत टाक, म्हणजे लावणाऱ्याला विचारता येईल. शेवटी फॉल्स.

मी बराच वेळ ते वाचत बसलो. हा टोमणा होता की शिकवणी? तुम्ही रागावून हे दोन वर्षं माझ्यापासून लपवलंत, की मजा म्हणून, की यात लपवण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटलंच नाही? फाइलला माझं नाव का दिलंत? मला सापडावी म्हणून, की चोराचं नाव चोरीच्या मालावर असावं म्हणून? मी एकेक उत्तर पकडतो आणि ते दुसऱ्या उत्तरासारखं दिसायला लागतं.

मग रकाना वाचला. ‘रामलखन. म्हणाला दुसरा ट्रॅक्टर कधी.’ ‘रामलखन. हो म्हणाला पण ऐकलं नाही वाटतं, पुन्हा फोन केला.’ ‘रामलखन सुट्टीवर, बदलीवाल्याला सांगितलं, त्याने नाव नाही सांगितलं, निळा स्वेटर.’ त्या रकान्यात जेमतेम अडीचशे अक्षरं मावतात. तुम्ही एकही वाया घालवलं नाहीत.

तुमच्या त्या सोमवारनंतर तो रिकामा होता. ते बघून मला आधी तुमचंच वाईट वाटलं. रिकाम्या ओळींकडे बघत बसलो, एक, दोन, पाच. मग हळूहळू, माझ्या नेहमीच्या मंद गतीने, डोक्यात शिरलं. रकाना रिकामा आहे, पण पत्रकं तर रोज भरली जातायत. म्हणजे त्या सोमवारनंतर कुणीच कुणाला काही सांगितलेलं नाही. ती पत्रकं उघडली. आदल्याच दिवशीच्या पत्रकात सात नंबरच्या ट्रॅक्टरपुढे लिहिलं होतं, ‘ब्रेक उशिरा धरतो, आठवड्यात पाहणे’. तीन सह्या. वर्कशॉपमध्ये रांगेत चौथा नंबर.

मी यार्डात फोन करायला हवा होता. सुचलं नाही. मी धावलो. गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर विसरून धावलो, त्यामुळे फाटकावरच्या शिपायाने अडवलं. "रोज़ देखते हैं आपको, पर कार्ड तो दिखाइए." परत गेलो, कार्ड आणलं, पुन्हा धावलो. रामलखन सात नंबरवरच होता. मागे सामानाचे चार डबे लावलेले, इंजिन सुरू.

"रुकिए! इसका ब्रेक देर से पकड़ता है!"

त्याने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी वाकून धापा टाकत होतो.

"ये हमको मालूम है, साहब. दो दिन से पैर में पता चल रहा है. किसी ने बताया नहीं, तो सोचे हमारा ही वहम होगा." मग थांबून म्हणाला, "दीदी होतीं तो फ़ोन आ जाता."

तो उतरला, चाकांमागे लाकडी ठोकळे लावले आणि चावी माझ्या हातात दिली. चावी घेऊन काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. तशीच मुठीत धरून मी श्रीवास्तव सरांकडे गेलो.

"सर, ‘कोणाला सांगितलं’ कॉलम नहीं उड़ाऊँगा."

"किसने अप्रूव किया है?"

"किसी ने नहीं. मैंने भी हटाते समय किसी से नहीं पूछा था."

सर माझ्या हातातल्या चावीकडे बघत होते. "ये क्या है?"

मी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं कुलूप, खस्ते, तुमचा कोड, सात नंबर. काहीही गाळलं नाही. सांगताना क्रम चुकला, दोनदा मागे जावं लागलं, मध्येच मराठीत शिरलो. शेवटी सर म्हणाले, "लिख के दीजिए." मी लिहून दिलं. अर्ज म्हणून सुरू केला आणि वाचून बघितला तर माफीनामा झाला होता. त्यावर पत्ता मात्र सरांचा. त्यांनी सही केली. रकाना राहिला, ताई. आता तो ट्रॅक्टरच्या पत्रकावर उघड दिसतो.

आता राहिला तो एक शब्द. मला वाटतं हा रकाना मुख्य प्रकारात घालून ट्रू करावं. शिडीवाल्यांनाही सांगितलं पाहिजे, पट्टावाल्यांनाही. तुमचंच काम तिन्हीकडे पसरेल. मग तुमचा आवाज ऐकू येतो, त्यांना विचारलंस? विचारायला गेलो. शिडीवाले म्हणाले, चांगलं आहे, घाला. पट्टावाले म्हणाले, आमच्याकडे रोज सकाळी उभ्याने सगळं बोलून होतं, आम्हाला आणखी एक रकाना भरायला नको. मी त्यांच्याशी वाद घालणार होतो. अर्ध्या वाक्यात थांबलो. फॉल्स ठेवलं. शिडीला हाताने जोडला. हे बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. उद्या पट्टा तुटला आणि कुणाला सांगितलेलं नसलं तर? तुम्ही असतात तर यावर तासभर भांडता आलं असतं. मी हरलो असतो तरी निदान कोणत्या मुद्द्यावर हरलो ते कळलं असतं.

माफी मी कधीच मागितली नाही. दोन वर्षं तुमच्या डब्यातलं खात बसलो. तुमचा रकाना मी काढला, ताई. न विचारता काढला आणि तुम्हालाच शहाणपण शिकवलं. चूक माझी होती. एवढंच वाक्य होतं. ते त्या दिवशी खस्त्यांबरोबर आणलं असतं तर थंडही झालं नसतं.

शुक्रवारी सात नंबर दुरुस्त झाला. तीन वाजता मी तुमच्या टेबलाशी गेलो, कारण यार्डाचा थेट फोन तिथेच आहे. तुमच्या खुर्चीत बसलो नाही. उभ्यानेच लावला. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात एका रिंगमध्येच उचलला गेला.

"हाँ, दीदी?" रामलखन म्हणाला.

पलीकडे कुठेतरी विमान चढत होतं. त्याच्या लक्षात आलं असावं, माझ्या तर आलंच होतं. मी म्हणालो, "नहीं. मैं, निनाद."

"अच्छा." त्याने घसा साफ केला. "हाँ, तो बताइए."

मी सांगितलं.